खांबेट्यांचा बुधवारचा बाजार

खांबेटे पहिल्यांदा सिंगापूरला आमच्या सेम्बावांगच्या घरी आले, तेव्हा दारात चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वहिनी, आग लागली तर तुम्ही बाहेर कुठून पडता?"

मी हातात पोह्यांची बशी घेऊन उभी. म्हटलं, "ह्याच दारातून."

"आणि आग ह्याच दाराशी असेल तर?"

आम्ही त्या घरात सहा वर्षं सुखाने राहत होतो. हा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्या दिवसापासून तो रोज येतो.

श्रीनिवास खांबेटे आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहतात. जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी मॅनेजर आहेत. उजाडायच्या आत कंपनीची बस पकडतात, संध्याकाळी त्याच बसने परत. त्यांच्या हाताखाली आजवर कुणाचं नखही मोडलं नाही, असं ते सांगतात. मला ते खरं वाटतं. खांबेटे समोर उभे असताना नख मोडायची कुणाची हिंमत होणार?

जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचे दोनच प्रश्न असतात. "शक्यता किती? परिणाम किती?" दोन्हींना पाचपैकी गुण द्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा, आणि उत्तर दहाच्या वर गेलं की ती गोष्ट करायची नाही. दिवाळीत मी फराळाचं ताट पुढे केलं, तर त्यांनी चकली उचलली, बोटांनी दाबून पाहिली आणि परत ठेवली. "शक्यता तीन. दात तुटला तर परिणाम चार. बारा. नको, वहिनी." माझ्या चकलीला आजवर अनेकांनी नावं ठेवली आहेत, पण गुण कुणी दिले नव्हते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते आपणहून आले आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची ढिली बिजागरी घट्ट करून गेले. रागावायचं तरी कसं अशा माणसावर?

तर असे हे खांबेटे आमच्याबरोबर दक्षिण फ्रान्सला यायला तयार झाले, ह्याचं आम्हाला केवढं आश्चर्य वाटलं असेल बघा. सहल आमची होती. मी, माझा नवरा सुहास, आणि त्याचे कॉलेजपासूनचे मित्र गिरीश आणि मृणाल. जूनमध्ये नऊ दिवस, एक भाड्याची व्हॅन, मोठी शहरं टाळून फक्त लहान लहान गावं. बोलता बोलता सुहास सहज म्हणाला, "खांबेटे, येताय का?" म्हणायचं म्हणून म्हणाला होता. खांबेटे म्हणाले, "येतो. रस्ता मी आखतो."

आठवड्याने त्यांनी आखलेला रस्ता आला. प्रत्येक गाव, प्रत्येक पेट्रोल पंप, प्रत्येक गावापासून सर्वांत जवळचा दवाखाना. सगळं सरळ रेषेत चाललं होतं. फक्त सहाव्या दिवशी, बुधवारी, तो रस्ता उगाचच डोंगरात शिरत होता. अडीच तास वर, अडीच तास खाली. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच ते धड उच्चारता आलं नाही. कुठल्या पर्यटन-पुस्तकात त्याचा पत्ता नव्हता.

"इथे काय आहे?" गिरीशने मुद्दाम विचारलं.

"बुधवारचा बाजार चांगला असतो म्हणे," खांबेटे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथे काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं. तिथे इरा होती.

इरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती अकरा वर्षांची असताना तिची आई गेली. नंतर खांबेट्यांनी तिला एकट्याने वाढवलं. वेण्या घातल्या, डबे दिले, शाळेच्या सहलीच्या बसचे टायर स्वतः वाकून तपासले. ती शिकायला म्हणून वर्षभरासाठी फ्रान्सला गेली आणि तिथे तिला ल्युका भेटला. ल्युका डोंगरात शेळ्या पाळतो आणि त्यांच्या दुधाचं चीज करून बाजारात विकतो. तीन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून खांबेट्यांना ईमेल लिहिली, आम्ही लग्न करतोय.

दुसरा कुठलाही बाप चिडला असता, रडला असता, नाहीतर 'सुखी राहा' म्हणाला असता. खांबेट्यांनी ऑफिसातला रिस्क असेसमेंटचा कोरा फॉर्म काढला आणि इराचं लग्न त्यात भरलं. बारा ओळी, इंग्रजीत. उत्पन्नाचं साधन, शेळ्या: आजारी पडण्याची शक्यता चार, परिणाम चार, सोळा. दवाखान्यापासूनचं अंतर: पंधरा. डोंगरातली थंडी: बारा. आणि सहावी ओळ, मुलाचा स्वभाव: माहिती नाही. आता, माहिती नसेल तिथे पुरते पाच गुण धरायचे असा त्यांच्या कारखान्यातला नियम. म्हणून पाच गुणिले पाच, पंचवीस. शेवटच्या रकान्यात उपाय: विवाह दोन वर्षं पुढे ढकलून पुन्हा तपासणी करावी. खाली सही आणि तारीख.

ईमेल दोघांची होती, म्हणून उत्तरही दोघांना गेलं.

इराचं उत्तर तीन ओळींचं होतं. ते खांबेट्यांनी मला एकदाच दाखवलं. "बाबा, त्याने वाचलं. प्रत्येक ओळ वाचली. तू त्याला सॉरी म्हणेपर्यंत मला फोन करू नकोस."

लग्नाच्या दिवशी खांबेटे सिंगापूरातच होते. त्या दुपारी ते आमच्याकडे आले, स्मोक अलार्मची बॅटरी बदलली, दोन वाट्या आमटी प्यायले आणि गेले. लग्नाचा विषय काढला नाही. नंतर मी कधी काढला तर म्हणायचे, "फॉर्ममध्ये एकही गोष्ट खोटी नव्हती, वहिनी." मला त्यांचा राग यायचा. इतका हुशार माणूस, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये? पण वर जाताना त्यांच्या घरातून एकट्या टीव्हीचा आवाज यायचा, तेव्हा राग टिकायचा नाही.

तर अशा तयारीने आम्ही निघालो. बुधवारी खांबेटे सॉरी म्हणणार की नाही, ह्याची आम्हा चौघांना पहिल्या दिवसापासून धाकधूक. मृणालला इराला आधी कळवायचं होतं. खांबेट्यांनी साफ नाही म्हटलं. "ती येऊ नका म्हणाली तर? शक्यता चार." परिणामाचे गुण त्यांनी सांगितले नाहीत.

कारखान्यात काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना उभं करून आजचे धोके सांगायची पद्धत असते. खांबेट्यांनी ती फ्रान्समध्येही चालू ठेवली. रोज सकाळी हॉटेलसमोर, व्हॅनपाशी, आम्ही चौघं अर्धवर्तुळात उभे. "आजचे धोके. एक, गावातले दगडी रस्ते. दोन, ऊन. तीन, कच्च्या दुधाचं चीज. चार, सुहास." सुहास गाडी चालवत होता, आणि तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवायची असते, त्यामुळे पहिल्या दिवशी एका गोल चौकात आम्ही साडेतीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. हे असं आम्ही खाली माना घालून ऐकायचो. एका हॉटेलच्या मालकीणबाईंना वाटलं आमची प्रार्थना चाललीय. त्यांनी आत जाऊन रेडिओ बंद केला.

रोमन लोकांनी बांधलेला एक जुना पूल आम्ही पाहायला गेलो. सगळे अवाक. खांबेटे पुलावर थोडं चालून परत आले. "बांधकाम उत्तम आहे. पण कठडा बुटका आहे." फ्रान्समधली त्यांना मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक गाडीत चमकणारं पिवळं जाकीट ठेवायचा नियम. "समजूतदार देश आहे," असं ते दिवसातून दोनदा म्हणायचे. लॅव्हेंडरच्या शेतात आम्ही फोटो काढला, तर हे जाकीट घालून आले. रस्त्याकडेचं शेत होतं ना! त्या फोटोत मैलभर जांभळा रंग आहे आणि मधोमध खांबेटे आहेत.

फ्रेंच आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. खाणाखुणांवर भागवत होतो. एकदा खांबेट्यांना तहान लागली तर त्यांनी वेटरला रिकामा ग्लास दाखवून स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं. तो बिचारा घाबरून मॅनेजरला घेऊन आला.

बुधवारी सकाळी आम्ही सवयीने व्हॅनपाशी अर्धवर्तुळात उभे राहिलो. खांबेटे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. आमच्याकडे बघत म्हणाले, "आज काही नाही. चला." सुहासने वळणं इतकी जपून घेतली, की मागून एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला.

बाजार चर्चसमोरच्या चौकात होता. टोमॅटो, ऑलिव्ह, टोपल्या, मध. आणि कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली चीजचा स्टॉल. इराचे केस आता कापलेले होते, कमरेला निळा एप्रन होता, आणि ती भराभर फ्रेंच बोलत होती. बाजूला तो उंच ल्युका, हातात सुरी, चीजचे तुकडे कापून गिऱ्हाइकांना चाखायला देणारा. आम्ही चौघं चौकापलीकडच्या कॅफेत बसलो. खांबेटे जाऊन स्टॉलच्या रांगेत उभे राहिले.

रांगेच्या बाबतीत खांबेटे सिंगापूरच्या लोकांपेक्षा कडक. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर, कुणी मध्ये घुसलं तर ते त्याला हाताला धरून मागे नेऊन उभं करतात. त्या दिवशी त्यांचा नंबर आला, आणि त्यांनी मागच्या आजीबाईंना हाताने खूण केली, तुम्ही घ्या आधी. मग पुन्हा शेवटी जाऊन उभे राहिले. पुन्हा नंबर आला. पुन्हा मागच्याला पुढे केलं.

"अहो, हे काय चाललंय!" मृणाल म्हणाली.

सुहास उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. आमच्या कॉफ्या गार झाल्या. दुपारी एकला बाजार उठतो. शेजारचे लोक टेबलं घड्या घालायला लागले, रांग आटली, आणि शेवटी स्टॉलसमोर एकटे खांबेटे राहिले. मला राहवेना. मी उठून जवळ जाऊन उभी राहिले.

इरा फळी पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, आता मागे कुणी नाहीये."

तिने त्यांना केव्हाच पाहिलं होतं. मला नंतर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आंटी, हात थांबले असते तर मी रडले असते, सो आय जस्ट केप्ट सेलिंग लाह."

खांबेट्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते ल्युकाकडे वळले, कारखान्यात उभे राहतात तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मस्यू." आणि मग फ्रेंच बोलायला लागले. पाणी मागता न येणारे खांबेटे! उच्चार सदाशिव पेठेतले होते, पण वाक्य सबंध होतं. ते संपवून दुसरं सुरू केलं.

इराच्या हातातलं फडकं खाली पडलं. "बाबा, ही स्पीक्स इंग्लिश. यू नो दॅट!"

"माहीत आहे," खांबेटे म्हणाले. "इंग्रजीत मी फॉर्म भरला होता. आता मध्ये बोलू नकोस, मी विसरतो."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

ल्युकाने सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि तोही सरळ उभा राहिला. वर्गात मुलाने कविता म्हणावी तशी खांबेट्यांनी पाच वाक्यं म्हटली. तिसऱ्यापाशी अडकले. ल्युकाने शब्द सुचवला नाही, थांबून राहिला. त्या क्षणी मला तो मुलगा फार आवडला.

ती वाक्यं काय होती, ते नंतर खांबेट्यांनी मला सांगितलं. मी इराचा बाप. तुम्हाला न भेटता मी तुमच्याविषयी लिहिलं. भीती माझी होती आणि गुण तुम्हाला दिले. मला माफ करा. मी पुन्हा आलो तर चालेल का?

दीड वर्ष जुरोंगच्या बसमध्ये, जाताना आणि येताना, कानात इअरफोन घालून ते एवढंच शिकले होते. दुसरं काही शिकायला गेलं की ही पाच बिघडायची, म्हणून पाणीसुद्धा शिकले नाहीत.

पाचवं वाक्य संपलं. इरा तोंडावर हात धरून उभी होती. मग ल्युका सावकाश, इंग्रजीत म्हणाला, "पुन्हा कशाला? लगेच निघालात कुठे?"

खांबेट्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की हा माणूस म्हातारा झालाय. इरा फळीखालून वाकून बाहेर आली आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून रडायला लागली. त्यांना तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तिचे केस कापलेले पाहून ते आधी तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

मी कॅफेत परत आले आणि व्हॅनमधून त्यांची बॅग काढून आणायला सुहासला सांगितलं. पुढचे तीन दिवस आम्ही चौघंच फिरलो.