शंभरीचा केक

"शंभरीचा केक माझाच!" ओडेला प्रुइटने नवऱ्याला, वेंडेलला, ठणकावून सांगितलं. ठणकावून म्हणजे तिच्या मानाने. शेजारच्या खोलीत मांजरही जागं झालं नसतं.

चर्चला शंभर वर्षं होत होती. त्या दिवशीचा मानाचा केक कुणी करायचा, हे या रविवारच्या सामुदायिक जेवणात, कुणाचा केक आधी संपतो त्यावरून ठरणार होतं. आजवर चर्चच्या कुठल्याच सणाच्या केकचा मान विल्मा जीनने सोडला नव्हता.

सकाळची प्रार्थना आटोपून ओडेलाने काळी पडलेली केळी कुस्करली आणि तीन थर असे फुलवले की वेंडेल म्हणाला, "अगं, केक आहे की गाद्या?"

पण जॉर्जियातला जुलैचा उकाडा! क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग लावते न लावते तोच वरचा थर प्रवचनात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखा कलंडायला लागला! ओडेलाने कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या खुपसून त्याला ताठ बसवलं.

"कापण्याआधी काड्या काढायच्यात. आठवण कराल ना?"

"म्हणजे काय! करणारच," वेंडेल म्हणाला आणि विसरला.

आता एवढ्या मोठ्या केकला प्लेट कुठली? कपाटात वर एक काचेची सापडली. मावशी गेली तेव्हा कुणीतरी या प्लेटमधून जेवण पाठवलं होतं. कुणी, ते काही आठवेना. देवानेच धाडली म्हणायची!

चर्चमध्ये केकचा बघता बघता फडशा पडला. म्हातारे हार्लन मात्र थबकले. "यात कुरकुरतंय काय?"

"काहीतरी खास असेल. गप खा!" त्यांची बायको म्हणाली.

पास्टर टिलमन यांनी रिकामी प्लेट उचलून उलटी केली. भांडं ज्याच्या त्याच्या घरी परत जावं म्हणून इथे सगळ्याजणी तळाला नावाची पट्टी चिकटवतात.

"विल्मा जीन! यंदाही तुम्हीच!"

टाळ्यांचा कडकडाट!

"मी?" विल्मा जीन चक्रावली. "मी तर बटाट्याचं सॅलड आणलंय!"

"काय हा विनय!" पास्टर गहिवरले.

ओडेलाला काही कळेना. अंडी आपणच फोडली होती ना? क्षणभर तिला स्वतःचीच शंका आली. "पास्टर, केक माझा आहे," ती म्हणाली. कुणालाच ऐकू गेलं नाही.

शेवटी वेंडेल गरजला, "केक हिचा आहे! स्पॅगेटी खुपसताना मी बघितलंय!"

"स्पॅगेटी?" हार्लननी कवळी चाचपली.

तेवढ्यात विल्मा जीनने प्लेटवर झडप घातली. "अगं बाई, ही तर माझ्या आईची प्लेट! शेजारच्या लोरेनने ढापली म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं!"

"म्हणून होय?" लोरेन उठून उभी राहिली. "मला वाटलं, माझ्या कुत्र्याने तुझे गुलाब उकरले म्हणून!"

"म्हणजे तो तुझा कुत्रा होता?"

पण तोवर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. सगळे रडले. ओडेलाही रडली, का, ते तिलाच कळलं नाही.

पास्टरनी डोळे पुसले. "शंभरीचा केक विल्मा जीन आणि लोरेन, दोघी मिळून करतील!"

"आणि मी?" ओडेला पुटपुटली. आश्चर्य म्हणजे या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

विल्मा जीनने प्लेट पोटाशी घट्ट धरली.

"तू कागदी प्लेटा आण, बाई!"