गजाकाकांची चौकशी

बंद पडलेली गाडी चालू झाली की माणसं देवाचे आभार मानतात. आमच्या शेजारचे गजाकाका मात्र अशा वेळी नाराज होतात.

"चालू झाली?" ते पडलेल्या चेहऱ्याने विचारतात. "पण बंद कित्याक पडलेली?"

बंद का पडली, हे गाडीवाल्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. त्याला घरी जायचं असतं. "जाऊ दे हो काका," म्हणत तो गिअर टाकायच्या बेतात असतो, तेवढ्यात काका खिडकीतून हात घालतात, किल्ली फिरवतात आणि गाडी बंद करतात.

"चालू झाली ह्यो पुरावो न्हय. चौकशी अजून चालू आसा."

गजाकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी चौकश्याच केल्या. कोणी कोणाचा बांध कोरला, कोणाच्या कलमाची फांदी कोणी तोडली, पाणंद कोणी बुजवली. निवृत्तीनंतरही वेंगुर्ल्यात बांध कोरले जात होते, फांद्या तुटत होत्या, पण काकांना कोणी विचारेना. मग त्यांनी एक जुनी गाडी घेतली. ती नेमाने काही ना काही दुखणं काढायची आणि काका पुस्तकं वाचून, मोबाइलवर बघून, कधी नुसतेच टक लावून बसून त्याचा छडा लावायचे. त्यांची बायको, शालनकाकी, मला म्हणाली होती, "ह्येंका गाडी नको होती गो, ह्येंका आरोपी होयो होतो."

मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात माझी गाडी त्यांच्या तावडीत सापडली. सकाळची वेळ, शाळेत पहिला तास माझा, आणि किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक-टिक. आमच्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडून एक डोकं वर आलं. मग लेंगा सावरत अख्खे काकाच गडगा ओलांडून आले.

एरवी माका-तुका करणारे काका रीतसर जबाब घेऊ लागले की एकदम कचेरीची मराठी बोलू लागतात, हे मला तेव्हा कळलं.

"सदर वाहन सुस्थितीत असताना आपण शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल संध्याकाळी. काका, माझी शाळा भरेल..."

"शाळा भरणं हा स्वतंत्र विषय आहे. काल दिवे चालू राहिले होते का? आठवून सांगा. सोबत कोण होतं?"

जबाब संपल्यावर बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टोकावर हिरवट पांढरी भुकटी साचली होती, तव्यावर मीठ सांडावं तशी. "खारी हवा," काका म्हणाले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "शालन, गरम पाणी!" काकी चहाचं आधण घेऊन आली. तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं की चहाचं आधण असं गाडीत जायची ही पहिली खेप नव्हती. काकांनी आधी वजा बाजूची वायर सोडवली, मग अधिकची, गरम पाणी ओतलं, जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं पुसलं, वायरी पुन्हा घट्ट आवळल्या आणि वरून व्हॅसलीन लावलं. गाडी सुरू झाली. मी शाळेत उशिरा का होईना, पोचले.

संध्याकाळी काका पुन्हा हजर. "बाय, भुकटी एकाच टोकाक कित्याक? दुसऱ्याक कित्याक नाय?" दिवसभर ते याच विचारात होते. मी चहा टाकला. आधण बॅटरीला गेल्यामुळे त्यांना सकाळपासून तो मिळाला नव्हता.

जबाब घ्यायची त्यांची पद्धत पक्की आहे. गाडीत दोघं असतील तर दोघांना वेगवेगळं गाठायचं. एकदा पुण्याचं एक जोडपं मालवणहून येताना नेमकं आमच्या दारात अडकलं. गाडी मध्येच सुरू व्हायचीच नाही आणि मध्येच काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. काकांना अशा लबाड गाड्या फार आवडतात. त्यांनी नवऱ्याला आंब्याखाली उभं केलं आणि बाईंना ओटीवर नेलं. नवरा म्हणाला, "गाडी बंद पडते." बाई म्हणाल्या, "हे बंद पाडतात."

"विसंगती," काका मला हळूच म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

तेवढ्यात नवऱ्याने सहज किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. काकांनी ती लगेच बंद केली. जेवायची वेळ झाली तेव्हा शालनकाकीने दोघांना बसवून बांगड्याचं तिखलं वाढलं, कारण चौकशी संपण्याची चिन्हं नव्हती. भात कालवता कालवता बाई म्हणाल्या, "एवढा गोड खाजा घेतला मालवणला, पण एक पुडा कुठे सापडतच नाही."

काका ताटावरून उठले. नवऱ्याच्या जबाबात खाज्याचा उल्लेखच नव्हता! पुडा सीटखाली होता. गाडी हलली की तो पुढे घरंगळायचा आणि क्लचच्या मागे जाऊन बसायचा. त्या गाडीला क्लच पुरता दाबल्याशिवाय सुरू व्हायची परवानगी नाही, आणि पुडा तो पुरता दाबू देत नव्हता. धक्का लागला की पुडा परत मागे. चुरा झालेला तो खाजा काकांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला आणि दुपारच्या चहाबरोबर खाल्ला.

त्यांचा प्रत्येक तपास लागतोच असं नाही. स्वतःच्या गाडीतला एक बारीक आवाज शोधायला त्यांनी अख्खा डॅशबोर्ड सोडवला होता. परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले. आवाज होता तसाच राहिला, शिवाय वायपर लावले की हॉर्न वाजू लागला. "प्रकरण प्रलंबित," असं ते त्याबद्दल गंभीरपणे सांगतात.

पण त्यांच्या या 'कित्याक'ने माझं एकदा भलं केलं आहे. माझ्या गाडीत डावं वळण घेतलं की मागे गुडगुड व्हायची. काका म्हणाले, "मी डिकीत बसतंय. तू चलव." आणि खरोखरच ते अंगाचं मुटकुळं करून डिकीत शिरले. मी बंदराच्या रस्त्याने हळूहळू निघाले. मागून आवाज येत होता, "डावीकडे! परत डावीकडे!" बंदरावर गाडी थांबवून मी डिकी उघडली, तर मासे विकणाऱ्या बायका टोपल्या सोडून धावल्या. त्यातली एक म्हणाली, "गो बाय, म्हाताऱ्याक असो कोंडून खंय व्हरतंस?"

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी स्टेपनी उचलली आणि खालच्या खळग्यातून एक काजूबी काढली. मला वाटलं, झालं, आवाज सापडला. काकांनी ती बी उन्हात धरली.

"बाय, तू काजी हाडलेलंस?"

"नाही, मी काजू आणलेच नव्हते."

"मग ही खंयसून इली? आणि हिका दात कोणी लावल्यान?"

बीवर बारीक दातांचे ओरखडे होते. गाडीत उंदीर शिरला होता. काकांनी तिथेच बंदरावर बॉनेट उघडलं. बॅटरीमागे चिंध्यांचं घरटं सापडलं आणि शेजारच्या एका जाड वायरीचं कातडं कुरतडून आतलं तांबं उघडं पडलेलं दिसलं. ते पत्र्याला टेकलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी ते पुढे कितीतरी दिवस विसरू शकले नाही.

असा हा माणूस. म्हणून दिवाळीनंतरच्या त्या दुपारी जे झालं, त्याचं मला इतकं नवल वाटलं.

त्यांची मुलगी रश्मी कोल्हापूरला दिलेली. त्या दुपारी तिची गाडी आमच्या वाडीत आली तीच बॉनेटमधून वाफ सोडत. गाडीत ती एकटी. डाव्या दाराला मोठा पोचा, आरसा चिकटपट्टीने बांधलेला. मागच्या सीटवर बॅगा, एक उशी आणि मिक्सर. माहेरपणाला येणारी बाई मिक्सर घेऊन येत नाही. मी गडग्यापाशी कपडे वाळत घालत होते, ती तशीच उभी राहिले.

शालनकाकी धावत बाहेर आली. "गो, जावई खंय? असा न कळवता कसा..."

"शालन," काका म्हणाले, "आधी चाय."

रश्मी गाडीतून उतरली. "बाबा, माका तुमका काय तरी सांगूचा आसा."

मला वाटलं, आता कचेरीची मराठी सुरू होणार. काका गाडीकडे बघत होते.

"गाडी तापली आसा," ते म्हणाले. "तापलेल्या गाडीचा झाकण उघडूचा नसता. वाफ आंगार येता. थंड होऊ दी. तू हातपाय धू."

गाडी निवल्यावर त्यांनी रेडिएटरची फुटलेली नळी बदलली. दाराच्या पोच्यावरून नुसता तळहात फिरवला. हा पोचा माझ्या गाडीला असता, तर तो कोणत्या दिशेने, किती उंचीवरून, कशाने पडला याचा तपास किती दिवस चालला असता! दुसऱ्या दिवशी दाराचं अस्तर काढून त्यांनी आतून लाकडी ठोकणीने तो हलके हलके सरळ केला.

वाडीतली माणसं मुलीबद्दल विचारायला फाटकाशी रेंगाळू लागली. "काय ओ गजाभाऊ, चेडू इला? एकटाच?"

"हां. गाडीची नळी फुटली," काका सांगायचे आणि आत वळायचे.

मलाही राहवत नव्हतं, हे कबूल करते. एका सकाळी गडग्यावरून विचारलंच, "काका, तुम्ही रश्मीला काही विचारलंत?"

काका हात पुसत होते. पुसतच राहिले.

"कचेरीत जबाब देणारो माणूस उभो ऱ्हवता," ते म्हणाले, "आणि घेणारो खुर्चीर बसता. माका माझ्या चेडवाक उभा करूचा नाय."

रश्मी पुढे इथेच राहिली. आता ती रोज कुडाळला नोकरीला जाते, तीच गाडी घेऊन. तिकडे काय घडलं होतं ते वाडीला हळूहळू, तुकड्यातुकड्याने कळलं. ते मी इथे सांगणार नाही. पण ती आली त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ मी पाहिली आहे.

काका रश्मीच्या गाडीखाली शिरले होते. घाटात खालून काहीतरी घासलं होतं, ते बघायला. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. रश्मी चाकाला टेकून जमिनीवर बसली होती आणि ते मागतील तो पाना देत होती. थोड्या वेळाने ती बोलू लागली. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, चक्क घरात जाऊन दार लोटून घेतलं. खिडकीतून मात्र दिसत होतं. पान्याचा आवाज केव्हाच थांबला होता. काम संपलं होतं. तरी काका बाहेर आले नाहीत. पाय तसेच, जराही न हलता. ते बाहेर आले असते, तर तिला त्यांच्या तोंडाकडे बघून बोलावं लागलं असतं.

शालनकाकी जेवायला हाक मारायला पायरीवर आली. तिने दोघांना पाहिलं आणि हाक न मारता तिथेच बसली.

रश्मी बोलत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. मग गाडीखालून एक हात बाहेर आला. तिने सवयीने त्यात पाना ठेवला. हाताने तो पाना बाजूला मातीत ठेवला आणि परत तसाच उघडा राहिला, तेलाने काळा झालेला. रश्मीने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग आपला हात त्याच्यात दिला.