प्रतीक्षा-ज्येष्ठता

आमच्या लाडक्या संगणक कंपनीचा व्यावसायिक डेस्कटॉप जुना झाला, हे मान्य. नवा यायला उशीर झाला, हेही मान्य. पण उशीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे, असा ठराव आमच्या निष्ठावंत ग्राहक मंडळाने एकमताने मंजूर केला आहे. ठराव झाल्यावर शंका काढणं सभ्य माणसाला शोभत नाही.

मी फिल्मचं संकलन करतो. म्हणजे करत होतो, सध्या वाट बघतो. माझ्या मशीनवर एक दृश्य तयार होईपर्यंत माझी आंघोळ, जेवण आणि बायकोशी एक सविस्तर भांडण उरकतं. पण निष्ठा म्हणजे निष्ठा!

ताईने बाबांवर फिल्म काढली आहे, संकलन माझ्याकडे. बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. आता त्यांची नजर जात चालली आहे, म्हणून ताईला घाई.

"अरे, डॉक्टर म्हणाले, दिसतंय तोवर दाखवा. जुन्याच मशीनवर बसव की कशीतरी!"

"बाबांची फिल्म आणि कशीतरी? ताई, नवं मशीन येतंय."

"कधी?"

"लवकरच. कंपनीनं स्वतः सांगितलंय."

"गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं."

"बघ! म्हणजे माणसं शब्दाची पक्की आहेत."

मंडळाची बैठक आमच्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात भरते, कारण तोच अध्यक्ष. कंपनी काही बोलली की आम्ही त्याचा अर्थ लावतो. काही बोललीच नाही, तर फारच मोठं काहीतरी शिजतंय असं समजतो. मध्यंतरी आमच्यातल्या साउंडवाल्याने भलत्याच कंपनीचं मशीन घेतलं आणि त्याची कामं वेळेवर होऊ लागली. इतका निर्लज्जपणा! त्याला मंडळातून काढावं लागलं.

आमची तळमळ अखेर वर पोचली. मशीन नव्हे, परिपत्रक आलं. 'ज्या ग्राहकाने सर्वाधिक काळ वाट पाहिली, त्यास प्रतीक्षा-ज्येष्ठतेनुसार अग्रक्रम मिळेल.' आम्ही टाळ्या वाजवल्या. मी त्याच आठवड्यात ताईच्या फिल्मसाठी जुन्या मशीनची मेमरी वाढवून घेतली होती. खात्री करावी म्हणून ग्राहक सेवेला फोन लावला.

"सर, मेमरी वाढवणं हे अधीरतेचं लक्षण मानलं जातं," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमची ज्येष्ठता रद्द होईल."

"काढून टाकली तर?"

"तर तुमच्या संयमाबद्दल कंपनी आभारी राहील."

काढून टाकली. मशीन पुन्हा पूर्वीसारखं गुरगुरत बसलं. ताईने फिल्मची हार्ड डिस्क उचलली आणि निघून गेली. बायकांना धीर कमीच.

आणि एके दिवशी नवं मशीन खरोखर आलं! आम्ही सगळे दुकानात गेलो, काचेतून डोळे भरून पाहिलं.

"बघताय काय? घ्या की!" दुकानदार म्हणाला.

अध्यक्ष दचकलेच. "घेतलं की वाट बघणं संपलं. आपली ज्येष्ठता शून्यावर येईल! शिवाय पहिली खेप शहाणा माणूस घेतो का? पुढची आवृत्ती येऊ द्या." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

घरी येतोय तोच ताईचा फोन. "फिल्म साउंडवाल्याकडून पुरी करून घेतली. आज बाबांना लावून दिली."

"काय म्हणाले?"

"ऐकली त्यांनी. शेवटपर्यंत बसून ऐकली. आवाज छान आलाय म्हणाले."

 तरी म्हटलं, "ताई, नव्या मशीनवर रंग काय खुलले असते!"

तिने फोन ठेवला.

तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. मंडळात नवे सभासद घेणं चालू आहे. अर्ज नको, वर्गणी नको. "एवढं आटपलं की निवांत वेळ काढून येतो," असं घरातल्या कुणाला तरी तुम्ही सांगितलं असेलच. तुमची ज्येष्ठता त्या दिवसापासून धरण्यात येईल.