मिठी चुकवताना

वर्षभरात ऑफिसातल्या कोणी तिच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नव्हता. आणि आज, नेमकं आजच, सगळ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या! मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये ती दिवसभर एकटीच फायलींशी संसार करायची, म्हणून हेडक्लार्कने तिला ‘तळघरवाली’ नाव ठेवलं होतं. आज तीही वर आली होती. रोज दुपारी फोन करून “जेवलीस का गं?” विचारणाऱ्या मोठ्या बाईच काय त्या एकट्या. त्या एका प्रश्नावर तिचा दिवस निघे.

पण पाळी एक-दोन दिवसांवर आली होती. दर महिन्यासारखे स्तन ठणकत होते; सकाळी कपाटाचं दार नुसतं लागलं, तर तिला ब्रह्मांड आठवलं होतं.

टायपिस्टबाई हात पसरून आली, तशी तिने शिपायाच्या हातातला चहाचा ट्रे हिसकावून पुढे धरला.

“चहा घ्या ना!”

युक्ती नामी होती. फक्त कप भराभर संपत होते आणि पुन्हा भरून आणायला पळावं लागत होतं. मंडळींचा तिसरा चहा झाला, तेव्हा हेडक्लार्क शिपायाच्या कानाशी लागला. “रागावलीय बरं का. बाई जवळ आल्या की पळते. तळघरात बसवलं ना त्यांनी!”

हे साहेबांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? साहेबांना समेट घडवण्याची भारी हौस. “आज मनात काही ठेवायचं नाही! दोघींनी गळाभेट घ्या. अरे, फोटो काढा कोणीतरी!”

शिपायाने ट्रे काढून घेतला. बाई एक पाऊल पुढे, ती एक पाऊल मागे. असं करत करत ती खुर्च्यांच्या चळतीला जाऊन टेकली. बाईंचे पसरलेले हात खाली आले.

“माझं काही चुकलं का गं?”

तिला राहवेना. तिने बाईंच्या कानाला तोंड लावून खरं काय ते सांगून टाकलं.

“अगं वेडे!” बाई हसत कुजबुजल्या. “मी दर महिन्याला चार दिवस हाताची घडी घालून वावरायचे. सगळ्यांना वाटलं, बाई फार कडक आहे. म्हणून तर बढती मिळाली!”

मग सर्वांकडे वळून त्यांनी जाहीर केलं, “राग-बिग काही नाही. पोरीला जबर सर्दी झालीय. लांब राहा.”

समेटाला पुढे सरसावलेल्या बायका झटकन मागे हटल्या.

“सोमवारी मी अगदी बरी असेन,” ती घाईघाईने म्हणाली. “सोमवारी भेटू ना आपण, नीट.”

“सोमवारी मी कुठे गं इथे?”

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ काही दुखत नव्हती; तरी तिला रडू फुटलं.

“बघा, डोळ्यांतूनसुद्धा वाहतंय!” म्हणत हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून आणखी चार पावलं लांब सरकला.