कन्यात्वाची सिद्धता

मनुष्य जन्मास एकदाच येतो. परंतु तो कोणाचा, हे त्याला आमरण सिद्ध करावे लागते. त्यासाठी पूर्वजांनी स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि आडनाव अशी त्रिदळ व्यवस्था लावून दिली. बेलाच्या पानाइतकी ती पवित्र आहे. (मुलीच्या बाबतीत लग्नाच्या दिवशी तिन्ही दळे बदलतात, देठ तेवढा तोच राहतो.)

नारायण पेठेतील विजयमालाबाई शेवाळे येरवड्याच्या एका रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा त्यांचे वडील संभाजी बाबुराव खांदवे यांना थोड्याच वेळात शस्त्रक्रियेसाठी नेणार होते. लेकीला पाहिल्यावाचून हलणार नाही, असा म्हाताऱ्याचा हट्ट होता. आत फक्त रक्ताच्या नात्यास प्रवेश होता, आणि रक्ताची परीक्षा दारावरचे बजरंगराव आडनावावरून करीत. पद्धत निर्दोष आहे. सुई टोचावी लागत नाही.

"आपण शेवाळे. पेशंट खांदवे," आधार कार्ड न्याहाळून बजरंगराव म्हणाले.

"अहो, मुलगी आहे मी त्यांची."

"असालही. पण ते शकूला बोलावताहेत. आपण विजयमाला."

शकू त्याच होत्या. लग्नात नवरदेव रविराजरावांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'विजयमाला' असे लिहिले होते. त्या तांदळांचा पुढे भात झाला, वऱ्हाड जेवून गेले; नाव तेवढे उरले.

इतक्यात मार्केट यार्डातले हमाल संतोष खांदवे आले. त्यांचा रुग्ण वरच्या मजल्यावर होता. परंतु आडनाव ऐकताच बजरंगरावांनी त्यांना अदबीने संभाजीरावांच्या खाटेशी नेऊन पोहोचवले. दोघांनी एकमेकांस प्रथमच पाहिले. (मुलगे शेकडा शंभर खरे निघतात, असा रुग्णालयाचा अनुभव आहे, मुलींविषयी अभ्यास चालू आहे.)

संतोष ओशाळून बाहेर आले. "ताई, म्हातारबा इचारत्यात, शकू हाय का भाईर?"

बाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि पुन्हा दारापाशी गेल्या. "मी त्यांच्याकडे धुणीभांडी करते. कपडे बदलायचेत त्यांचे."

"मग आधी नाही का सांगायचं, मावशी? जा आत."

मोलकरणीस आडनाव विचारण्याचा प्रघात नाही.

"आलीस व्हय, शकू," म्हातारा म्हणाला, आणि मुकाट्याने स्ट्रेचरवर आडवा झाला.

वाचकांना हसू आले असल्यास ते रास्तच आहे. हसून झाल्यावर त्यांनी आपल्या आईच्या आईचे लग्नाआधीचे नाव, तिच्या वडिलांच्या नावासह, एकदा मोठ्याने उच्चारावे. आठवेपर्यंत बजरंगरावांशेजारच्या बाकावर बसण्यास हरकत नाही. आत फक्त रक्ताच्या नात्यास प्रवेश आहे.