क्लेमेंटची कापलेली दोन मिनिटं

निमिष ढोबळेची स्मरणशक्ती हे अमेरिकेतल्या हर्नडन गावातलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं, निदान त्याच्या स्वतःच्या मते तरी! चौथीचा अख्खा हजेरीपट तो आजही एक ते बावन्न असा म्हणून दाखवी. वर्ध्याच्या घरी पहिला फोन आला त्याचा नंबर सांगे. दुकानातून दूध आणायचं मात्र दर शुक्रवारी विसरे. "ती वेगळी मेमरी असते," असं तो रेणूला, म्हणजे बायकोला, समजावून सांगायचा. रेणू पुण्याची. तिनं बारा वर्षांत हा खुलासा एकदाही मान्य केला नव्हता.

तर या स्मरणशक्तीचा मुकुटमणी म्हणजे क्लेमेंट. क्लेमेंट हा सायकलवरून पत्रं वाटणारा एक पाणघोडा. स्निग्ज नावाचं एक मुंगूस त्याच्या पिशवीतली पत्रं पळवायला टपलेलं असे. अमेरिकेतलं जुनं कार्टून, निमिषच्या लहानपणी टीव्हीवर हिंदीत यायचं, रविवारी सकाळी दहाला. त्याचे सव्वीसच्या सव्वीस भाग निमिषला तोंडपाठ होते आणि दहा वर्षांची त्याची लेक आन्या त्याच गोष्टी ऐकत वाढली होती.

त्यातही तिची लाडकी गोष्ट पुलाची. स्निग्ज पत्र पळवतं, क्लेमेंट पाठलाग करतो, दोघं तुटक्या पुलावर लोंबकळतात. तेवढ्यात स्निग्ज पत्र फोडतं, तर ते निघतं त्याच्याच आईचं! 'बाळा, किती दिवस झाले, घरी ये.' स्निग्ज ढसाढसा रडतं. क्लेमेंट त्याला सायकलवर डबलसीट घेऊन आईकडे पोचवतो आणि ती माउली दोघांना डाळीचे गोळे घातलेला गरमागरम गोळाभात वाढते. वरून हिंग-मोहरीची फोडणी! इथे आन्या दर वेळी डोळे पुसायची. निमिष तर गोष्ट सांगता सांगताच पुसायचा.

आणि एके दिवशी खोकं आलं! क्लेमेंटचा संच, चार डिस्क, सव्वीस भाग. खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'संपूर्ण! अखंड! न कापलेला!' डिस्क लावायला घरात यंत्र नव्हतं, म्हणून निमिषनं कुणाच्या तरी गराजमधून जुना प्लेयर पैदा केला. रविवारी सकाळी दहाचा मुहूर्त ठरला. तर्री-पोहे झाले. शेजारचा प्रताप, मूळचा साताऱ्याचा, पोह्यांच्या वासावर आला.

"यार निमिष, आता सगळं स्ट्रीमिंगवर असतं. डिस्क कोण घेतं?"

"स्ट्रीमिंगवाले उद्या काढून टाकतील. हे आपल्या मालकीचं! आन्या, पुढे बस बेटा. पुलाचा एपिसोड लावतोय. तुला सांगितलंय त्यात एका शब्दाचा फरक निघणार नाही, बघ!"

हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडलं.

पूल आला. दोघं लोंबकळले. आन्यानं श्वास रोखला, निमिषनं रुमाल काढला. आणि पूल तुटला, स्निग्ज धपकन नदीत पडलं, क्लेमेंट पोट धरून हसला, समाप्त!

खोलीत फक्त प्रतापच्या शेव चावण्याचा आवाज येत होता.

"बाबा, दॅट्स नॉट द एंडिंग," आन्या म्हणाली.

"डिस्क खराब असेल. दुसरा भाग लावू."

दुसऱ्या भागात स्निग्ज नदीत पडलं. तिसऱ्यात नदीत. चौथ्यात तर गाव वाळवंटात होतं, तरी कुठून तरी नदी आली आणि स्निग्ज तिच्यात पडलं! सातव्या भागाला प्रताप कळवळून म्हणाला, "अरे, या मुंगसाला कुणीतरी पोहायला शिकवा रे!"

आन्या उठून बापासमोर उभी राहिली. आदल्याच आठवड्यात व्हायोलिनची प्रॅक्टिस न करता 'केली' म्हणाल्याबद्दल निमिषनं तिला अर्धा तास सत्याचं महत्त्व सांगितलं होतं. त्यात दोनदा हरिश्चंद्र येऊन गेला होता.

"बाबा, डिड यू मेक इट अप?"

लेकीच्या नजरेत निमिष खोटारडा ठरला होता, तोही प्रतापसमोर!

"बाबा खोटं बोलतो का? हे कापलंय! प्रत्येक भागाची शेवटची दोन मिनिटं कापलीत या लोकांनी! दोन काय, जास्तच! इथे एक भाग अकरा मिनिटांचा आहे. मला स्वच्छ आठवतंय, दहाला सुरू व्हायचं ते आई जेवायला हाक मारेपर्यंत चालायचं!"

"निमिष," रेणू शांतपणे म्हणाली, "अमेरिकन मुंगसाच्या आईनं गोळाभात केला?"

"हिंदी डबिंग, रेणू! तिकडच्या लोकांना कळेल असं करतात."

"हिंदीत गोळाभात? आणि चित्रसुद्धा डब करतात का?"

"भात होता, गोळे होते, वाफ येत होती! मी या डोळ्यांनी पाहिलंय!" निमिष गरजला. "आन्या, बाबा हे सिद्ध करून दाखवणार. प्रॉमिस!"

सोमवारी त्यानं कंपनीला चार पानी ईमेल लिहिली आणि तीच क्लेमेंटच्या चाहत्यांच्या वेबसाइटवर टाकली. तिथली मंडळी आधीच धुमसत होती. कुणाचं म्हणणं, रंग फिके केलेत. कुणाचं म्हणणं, पडद्यात बसवायला क्लेमेंटचे कान कापलेत. कुणी म्हणे, सायकलच्या घंटीचा आवाजच बदललाय, आमचं बालपण नासवलंय! गवताची गंजी तयारच होती, निमिषनं काडी टाकली. गोळाभाताला इंग्रजीत काय म्हणायचं ते न सुचल्यानं त्यानं 'डंपलिंग घातलेला भात' असं लिहिलं.

पहिल्याच दिवशी ओहायोच्या एका गृहस्थांना तो सीन आठवला. दुसऱ्या दिवशी ऑरेगनच्या एका आजीबाईंना आईच्या हातातला डावसुद्धा आठवला. टेक्ससच्या एकानं शपथेवर सांगितलं की स्निग्जनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. निमिषनं प्रत्येक उत्तर आन्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ! तीनशे लोक खोटं बोलतील का?"

आन्या नुसती "हं" म्हणाली. तिचा चेहरा काही खुलला नाही, आणि झोपताना तिनं गोष्ट मागितली नाही. हे निमिषला फार लागलं. त्यानं अजून जोर केला. सह्यांचा अर्ज निघाला. तीनशेचे आठशे झाले, आठशेचे अकराशे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये निमिष टेबलाखाली सह्या मोजू लागला. एकदा मॅनेजरनं "तुझं काय मत?" विचारलं, तर तो "अकराशे बारा" म्हणाला!

मग कंपनीचं उत्तर आलं. फिल्मची रिळं सांभाळणाऱ्या एका बाईंनी अतिशय नम्रपणे लिहिलं होतं की, आपल्या पत्रामुळे मी सर्व मूळ रिळं पुन्हा तपासली. एकाही भागात भात नाही, डंपलिंग नाही. कळवण्यास वाईट वाटतं, परंतु स्निग्जला आई नाही.

'स्निग्जला आई नाही' या तीन शब्दांनी आगडोंब उसळला! इतकी निर्दय कंपनी! 'स्निग्जच्या आईला न्याय द्या' अशी घोषणा झाली. टी-शर्ट निघाले, त्यांच्यावर वाफाळत्या वाडग्याचं चित्र. निमिषच्या घरीसुद्धा तीन आले. रेणूनं आपला टी-शर्ट फर्निचर पुसायला घेतला. शेवटी चाहत्यांनी बॉल्टिमोरला मेळावा ठरवला आणि प्रमुख साक्षीदार म्हणून निमिषला पंधरा मिनिटांचं भाषण दिलं.

"यार, स्टेजवर उलट प्रश्न विचारतील," प्रताप म्हणाला. "तुझ्यासोबत अजून कुणी बघितलं असेल ना तेव्हा?"

निमिषनं कपाळावर हात मारला. "उल्काताई! आम्ही दोघं एकाच सतरंजीवर बसून बघायचो!"

उल्काताई ही त्याची सहा वर्षांनी मोठी बहीण, वर्ध्याच्या शाळेत भूगोल शिकवते. रविवारी सकाळी दहाला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, व्हिडिओ कॉल लागला. पुन्हा तर्री-पोहे, पुन्हा प्रताप. आन्या हाताची घडी घालून सोफ्याच्या टोकाला. निमिषनं साक्ष नोंदवायला रेकॉर्डिंग चालू केलं.

"ताई, क्लेमेंटचा पुलाचा भाग आठवतो? शेवट सांग बरं. मी काही सुचवत नाही!"

"तो पाणघोड्याचा? आठवते ना! मुंगसाला मायचं पत्र येते. मग दोघं जाऊन गोळाभात खातात."

"आन्याऽऽ!" निमिष सोफ्यावरून उडालाच. "ऐकलंस? रेणू, ऐकलंस? प्रताप, पोहे खाली ठेव आणि ऐक!"

आन्याच्या हाताची घडी सुटली. तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा बापाकडे बघून हसली. निमिषला वाटलं, भरून पावलो. आता इथेच कॉल ठेवला असता तर! पण विजयी माणसाला तेवढं भान कुठलं?

"ताई, हा सीन या बदमाशांनी कापलाय, माहितेय? म्हणतात असा सीनच नव्हता!"

"बरोबरच म्हणून राहिले ना बाबू. नव्हताच," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे बाप्पा! तुला इतकी वर्षं तसंच वाटून राहिलं का? रविवारी तारांची दुरुस्ती असायची ना आपल्याकडे! दहा वाजून नऊ मिनिटं झाली की लाईन जायची, ती थेट दुपारी यायची. आणि तू फरशीवर लोळून जे भोकाड पसरायचा! आईला सैपाक करू द्यायचा नाही. मग मीच तक्क्याचा पाणघोडा करायची, उशीचं मुंगूस, अन् शेवट सांगायची. सव्वीसचे सव्वीस शेवट माझे आहेत!"

"पण... लाईन परत यायची. मी पाहिलंय, ताई. मला सगळं दिसतंय अजून."

"बंद टीव्हीकडे बघत बसायचा तू. दिसलं असेल."

"आणि गोळाभात?" रेणूनं हळूच विचारलं. तिला इतका आनंद पुण्याची मिसळ खातानासुद्धा झाला नव्हता.

"अगं, रविवारी आमच्याकडे गोळाभातच असे. फोडणीचा वास आला, की मला कळायचं, जेवण तयार झालं, आता गोष्ट संपवायची. अकरा वर्षांच्या पोरीला अजून काय सुचणार?"

निमिषनं आन्याकडे बघायचं धाडस केलं. वाटलं, ही आता रडणार. पण आन्या फोनच्या अगदी जवळ सरकली होती.

"आत्या, यू मेड ऑल ऑफ देम? ट्वेंटी सिक्स?"

"हो ग बाई. दर रविवारी ह्याचं रडं थांबवायला."

"कॅन यू मेक अ न्यू वन? आत्ता?"

आणि उल्काताईनं, इयत्ता आठवीचे पेपर बाजूला सारून, सत्ताविसावा भाग सुरू केला. प्रताप पोहे विसरून ऐकत बसला. निमिषचे डोळे भरून आले. ज्या गोष्टींवर त्यानं लेकीला वाढवलं, त्या कुठल्या कंपनीच्या नव्हत्याच. त्या घरच्या होत्या, आणि त्याबद्दल त्यानं ताईला एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं. त्यानं ते तिथल्या तिथे म्हटलं. "गप रे, मधे बोलू नको, लिंक तुटते," ताई म्हणाली.

कॉल संपल्यावर आन्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, बाबा. यू डिडन्ट लाय. तुला फक्त राँग आठवलं."

"थँक्यू, बेटा."

"मलापण तेव्हा वाटलं होतं, की मी व्हायोलिनची प्रॅक्टिस केली."

यावर निमिषला हरिश्चंद्र काही आठवला नाही.

पण खऱ्या माणसानं खरं वागायला हवं. त्याच दुपारी त्यानं चाहत्यांच्या वेबसाइटवर कबुलीजबाब लिहिला. सीन नव्हता, वीज गेली होती, शेवट बहिणीचा होता, कंपनीची आणि त्या रिळंवाल्या बाईंची मनापासून माफी. लिहून त्याला हलकं वाटलं. दिवाळीत फराळाचे डबे रिकामे करून परत केल्यासारखं.

पाच मिनिटांत उत्तरं आली. ओहायोचे गृहस्थ म्हणाले, "तुला कंपनीनं विकत घेतलंय!" टेक्ससवाला म्हणाला, "मी ते दुसरं वाढप या डोळ्यांनी पाहिलंय!" ऑरेगनच्या आजीबाईंनी तेवढं हळुवारपणे लिहिलं, "मुला, तू लहान होतास, तुला नीट आठवत नसेल." सहाव्या मिनिटाला बॉल्टिमोरचं भाषण रद्द झालं आणि सातव्या मिनिटाला निमिषचं खातं कायमचं बंद! कारण दिलं होतं, 'क्लेमेंटच्या खऱ्या चाहत्याला डंपलिंगचा सीन आठवतोच.'

रेणू संध्याकाळी लॅपटॉप उघडायला गेली, तर तिच्या ईमेलवर एक पावती येऊन पडलेली. 'स्निग्जच्या आईला न्याय द्या' या अर्जावर तुमची सही मिळाली, सही क्रमांक अठराशे सत्तेचाळीस.

"निमिष! माझ्या नावानं सही कुणी केली?"

निमिष आतल्या खोलीतून खाली मान घालून आला. त्याच्या अंगात वाफाळत्या वाडग्याचा टी-शर्ट होता.

"अगं, चुकून कुठे सापडलाच तो सीन," तो म्हणाला, "तर बघायला नको का?"