पहारेकऱ्याच्या कपाळावरील तांबडा ठिपका

सुज्ञ वाचकहो, जुन्या चित्रकथांचा जीर्णोद्धार करताना माझ्यावर जो भयंकर प्रसंग ओढवला, तो मी आज आपणांसमोर निवेदन करीत आहे. दुर्बल हृदयाच्या मंडळींनी आधी पाणी पिऊन घ्यावे!

कंधारमध्ये माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान असले, तरी माझा आत्मा चित्रकथांत रमतो. फाटकी, पिवळी पाने स्कॅन करून, संगणकावर डाग पुसून व उडालेले रंग भरून मी त्यांस पुनश्च तारुण्य देतो. या कलेत तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. (दुसरा कोणी हे करीतही नाही.)

उदगीरचे माझे सासरे गुरुपादप्पा हे निवृत्त जमादार. त्यांच्या मिशा पाहून लाथाळ म्हैसदेखील मुकाट दूध देते! बालपणापासून जपलेली ‘काळदरीचा पहारेकरी’ ही भूतकथा माझ्या हाती देताना त्यांनी बजावले होते, "जावईबापू, दसऱ्याला सोनं द्यायला येतो. पुस्तक जसंच्या तसं पाहिजे. येक ठिपका पडला तर गाठ माझ्याशी हाय!"

दसऱ्याच्या सकाळी मी कार्यारंभ केला. स्कॅन केलेल्या पहिल्याच पानावर पहारेकऱ्याच्या कपाळी तांबडा ठिपका! घाबरून मूळ पान पाहिले. स्वच्छ! संगणकावर ठिपका पुसून पुढचे पान घेतले. ठिपका राणीच्या गळ्यावर! त्यापुढे घोड्याच्या पोटावर! मूळ पाने मात्र धुतल्या तांदळासारखी. स्कॅनरची काच मी दोनच दिवसांपूर्वी पुसलेली, तेव्हा यंत्रावर संशय घेणे अशक्य होते. पुसत पुसत शेवटच्या पानापर्यंत आलो, तोवर माझ्या तोंडून ‘भूत! भूत!’ असा घोष सुरू झाला होता.

शेजारच्या गंगम्मा मावशींनी उंबऱ्याबाहेरूनच निदान केले, "रामलिंगा, पुस्तकात कोण तरी बसलंय! लिंबू उतरव, अंगारा लाव."

"मावशी, पुस्तकाला अंगारा?"

"मग काय सासऱ्याला लावतूस?"

मी कापलेले लिंबू उतरवू लागलो. भयाने मूठ अशी आवळली की रस थेट मुखपृष्ठावर! त्यावर अंगारा लावला, तर तो चिकटून पहारेकऱ्याच्या मुखाचे पिठले झाले.

इतक्यात माझी पत्नी आरती बाहेर आली. "अहो, सणाचं लिंबू काय उतरवून राहिलात?"

मी तिला ठिपक्याची हकिकत सांगितली.

"अगं बाई! ते माझं कुंकू हाय, वाळून बसलेलं. काल खंडेनवमीला मिक्सरला लावलं, शिलाई मशीनला लावलं, ह्या स्कॅनरलाच न्हाई लावायचं व्हय?"

"अगं, पण काचेवर?"

"मग तोंड कुठंय त्याचं? झाकण उघडलं की तेच तर दिसतंय!"

आणि दारात सासऱ्यांच्या चपला वाजल्या!

त्यांनी पुस्तक उचलले. मिशी हलली. मी डोळे मिटले.

"अंगारा कुणी लावला?"

"मी, मामा."

"लिंबू?"

"तेही मीच."

"आन् कुंकू मी लावलं, अप्पा!" आरती मध्येच बोलली. हिला कोणी विचारले होते!

डोळे उघडले, तर सासऱ्यांनी पुस्तक कपाळाला लावले होते! "घरात समदे ह्याला रद्दी म्हणत्यात. जावयानं पूजा मांडली!" त्यांनी मला असे आलिंगन दिले की बरगड्या वाजल्या. मग संगणकात डोकावून त्यांनी मिशी पुन्हा ताठ केली.

"मग ह्या फोटूत कुंकू कुठंय? पूजेचं पुस्तक बिनकुंकवाचं? लावा माघारी. पानापानाला!"

तेव्हापासून मी पुसलेले कुंकू संगणकावर पुन्हा लावीत बसलो आहे. घोड्याच्या पोटावरचेसुद्धा.

आपण धीराने वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
रामलिंग पटणे, कंधार